जप्तीचा वारसा आणि मतदारसंघाचा वारसा

१/
सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या मातीतून महाराष्ट्राला मुख्यमंत्री किती मिळाले, याची यादी इतिहासप्रेमींना तोंडपाठ असते. यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील, बाबासाहेब भोसले, पृथ्वीराज चव्हाण; एकनाथ शिंदेही मूळचे साताऱ्याच्या दरे गावचे. या आणि अशा इतर पुढाऱ्यांच्या घरांत जी मुले वाढली, त्यांच्या बालपणाची यादी मात्र कोणी केलेली नाही.

२/
त्या मुलांविषयी आपल्याकडे दोनच शब्द वापरले जातात. मूल मोठे होऊन निवडणुकीला उभे राहिले की ‘घराणेशाही’, आणि बापाच्या लढ्यात घर उद्ध्वस्त झाले असेल तर ‘त्याग’. पहिल्या शब्दात निंदा आहे, दुसऱ्यात गौरव. दोन्ही शब्द त्या मुलाला मात्र काहीच विचारत नाहीत. या धाग्यात मुख्यतः एका मुलीची गोष्ट आहे. ती नीट पाहिली की हे दोन्ही शब्द किती अपुरे आहेत ते कळते.

३/
साताऱ्याला हा विषय नवा नाही. ज्या गादीमुळे हे शहर राजधानी झाले, त्या गादीचा धनीच कैदेत वाढलेला होता. १६८९ च्या नोव्हेंबरात रायगड मोगलांच्या हाती पडला, तेव्हा शाहूराजे सात वर्षांचे होते. सुटका झाली ती १७०७ मध्ये, औरंगजेबाच्या मृत्यूनंतर. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात राज्याभिषेक झाला. मातोश्री येसूबाई स्वराज्यात परतल्या त्या १७१९ मध्ये. शाळेच्या पुस्तकात ही सगळी वर्षे ‘शाहूंची सुटका’ या एका मथळ्याखाली संपतात. सातव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत शत्रूच्या छावणीत वाढणे म्हणजे काय, हा प्रश्न परीक्षेत येत नाही.

४/
आता अडीचशे वर्षे पुढे यावे. येडे मच्छिंद्र हे गाव आज सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात आहे. स्वातंत्र्यापूर्वी ते सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये जुन्या जिल्ह्याची विभागणी होऊन दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचेच नाव सांगली ठेवले गेले. म्हणून ‘सातारचे प्रतिसरकार’ म्हटले जाते त्याची कितीतरी गावे आजच्या नकाशावर सांगलीत सापडतात. याच गावचे नाना पाटील. जन्म १९००. नोकरी तलाठ्याची. १९३० च्या सविनय कायदेभंगात त्यांनी ती सोडली.

५/
तलाठ्याची नोकरी सोडणे याचा अर्थ आजच्या वाचकाला सहज उमगत नाही. गावात रोख पगार मिळवणारी माणसे मोजकी असत, त्यांत तलाठी एक. सातबारा, शेतसारा, पीकपाहणी हे सगळे त्याच्या दप्तरात. सरकारचा गावातला हातच तो. तो हात सरकारविरुद्ध उठला, तेव्हा सरकारने पहिली झडप घातली ती घरावर.

६/
घरात कोण होते? नानांची म्हातारी आई, नात्यातली माणसे, पोरेबाळे आणि एक मुलगी, हौसा. जन्म १२ फेब्रुवारी १९२६. तीन वर्षांची असताना तिची आई वारली होती. म्हणजे नानांनी नोकरी सोडली तेव्हा ही पोर चार वर्षांची, आईविना. पुढची दीड दशके बाप कधी तुरुंगात, कधी दौऱ्यावर, आणि १९४२ नंतर भूमिगत.

७/
पुढे हौसाबाईंनी नव्वदी ओलांडल्यावर आपल्या आठवणी सांगितल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या नोंदवल्या, आणि २०२२ साली निघालेल्या त्यांच्या स्वातंत्र्यसैनिकांवरील पुस्तकातही त्या आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे एक सावधगिरी बाळगावी: ही साक्ष घटनेनंतर सत्तर वर्षांनी दिलेली आहे. तारखांसाठी ती तपासून घ्यावी लागेल. पण चुलीवर काय शिजत होते हे पोलिसांच्या दप्तरात मिळत नाही. ते अशाच साक्षीत मिळते.

८/
जप्तीसाठी पोलीस आले तेव्हा घरात स्वयंपाक चालू होता. बाजरीची भाकरी आणि वांगी. घराला सील लागले आणि एवढ्या माणसांना राहायला एक खोली उरली. जमीनही गेली.

९/
मग लिलाव. सकाळ-संध्याकाळ गावात दवंडी पिटली जाई की नाना पाटलाच्या शेताचा लिलाव आहे, ज्याला घ्यायचे त्याने घ्यावे. कोणीच बोली लावली नाही. नानांनी चोरी केली नाही, खून केला नाही, मग त्याचे शेत आपण का घ्यायचे, असे लोक म्हणत.

१०/
इथपर्यंतची गोष्ट भाषणांत सांगण्यासारखी आहे आणि ती सांगितलीही जाते. गाव नानांच्या पाठीशी उभे राहिले! पण त्याच साक्षीचा पुढचा भाग सहसा वगळला जातो. बोली न लावणारे तेच गाव या कुटुंबाशी बोलायचेही बंद झाले होते. सरकारची भीती. दुकानदार मीठसुद्धा देईना. कोणी रोजगारावर बोलवीना. आजी आणि नात कोणी न बोलावता लोकांच्या घरी दळण-कांडणाला जात, संध्याकाळी काही तरी पदरात पडेल या आशेने. काही दिवस उंबराच्या दोड्यांची भाजी करून खाल्ली.

११/
या दोन गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. गावाने बापाशी बेइमानी केली नाही आणि लेकीला मीठ दिले नाही. हे दोन्ही एकाच माणसांनी, एकाच काळात केले. त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे, शूर म्हणणेही सोपे आहे. बोली न लावण्यात धोका थोडा होता; गप्प राहिले की झाले. मीठ देणे ही मात्र उघड कृती होती, ती कोणी तरी पाहणार होते. दहशतीखाली समाजाची माणुसकी कोठपर्यंत ताणली जाते आणि कोठे तुटते, याचे इतके नेमके उदाहरण मोठ्या ग्रंथांतही क्वचित सापडते. आणि जेथे ती तुटली तेथे एक शाळकरी वयाची मुलगी उभी होती.

१२/
शेवटी मामाने बैलजोडी आणि गाडी दिली. गूळ, शेंगा, गहू, ज्वारी यांची वाहतूक सुरू झाली. ताकारीपर्यंत भाडे तीन रुपये, कऱ्हाडपर्यंत पाच. ज्याच्या नावाने पुढे जिल्ह्यात पोवाडे गायले गेले, त्याचे घर त्या दिवसांत बैलगाडीच्या भाड्यावर चालत होते.

१३/
याच काळात देशात दुसरीही एक मुलगी तुरुंगातल्या बापाची वाट पाहत वाढत होती. १९३० ते १९३३ या काळात जवाहरलाल नेहरूंनी तुरुंगातून इंदिरेला जगाचा इतिहास सांगणारी पत्रे लिहिली. त्यांचा ग्रंथ झाला. तिचेही बालपण सोपे नव्हते. आई आजारी, घर पोलिसांच्या धाडींचे. पण तिला बापाचा आवाज कागदावर मिळत होता. भूमिगत माणूस घरी पत्र लिहीत नसतो. पत्र म्हणजे पुरावा, पुरावा म्हणजे माग. येडे मच्छिंद्रच्या मुलीच्या बालपणाचा ग्रंथ होण्याची सोयच नव्हती.

१४/
१९४३ च्या सुमारास प्रतिसरकारने आकार घेतला. (लोकांनी त्याचे ‘पत्रीसरकार’ केले, आणि तळपायाला पत्रे ठोकण्याच्या कथा त्या नावाला चिकटल्या. मूळ शब्द ‘प्रति’, म्हणजे इंग्रजांच्या सरकाराला समांतर सरकार.) न्यायदान मंडळे, तुफान सेना, सावकारी आणि गुंडगिरीला आळा, कमी खर्चातील लग्ने. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पैसा लुटला गेला. कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. बापू लाड हौसाबाईंचे मावसभाऊ. सतरा वर्षांच्या हौसाबाईही या कामात उतरल्या होत्या.

१५/
भवानीनगरच्या पोलीस ठाण्याचा प्रसंग प्रसिद्ध आहे. ठाण्यासमोर नवरा-बायकोचे भांडण. नवरा बायकोला बडवतो आहे, दगड उचलून डोके फोडीन म्हणतो आहे. पोलीस सोडवायला बाहेर आले, आणि तेवढ्यात साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या. नवरा खोटा होता, बायको हौसाबाई होत्या. मार मात्र खरा होता. त्या गोष्टीचा राग त्यांना म्हातारपणीही हसत हसत आठवत असे. इतका जोरात मारायचे काय कारण होते, असे त्यांनी विचारले तेव्हा, पोलिसांना खरे वाटायला हवे होते ना, हे उत्तर मिळाले होते.

१६/
१९४४ मध्ये गोवा. बाळ जोशी हा साथीदार शस्त्रे आणताना पोर्तुगीज पोलिसांच्या हाती लागला होता. हौसाबाई त्याची बहीण बनून तुरुंगात भेटीला गेल्या आणि सुटकेच्या योजनेचा कागद अंबाड्यात लपवून नेला. परतीच्या वाटेवर पोलिसांची पाळत. तेव्हा रात्री मांडवी नदी ओलांडली ती एका लाकडी पेटीवर स्वतःला टाकून. बरोबरचे साथीदार पोहत होते.

१७/
हे सगळे वाचून कोणी म्हणेल, पाहा, बापाचे रक्त! येथेच थोडे थांबावे. ‘रक्त’ म्हटले की त्या मुलीचा निर्णय नाहीसा होतो. तिच्या बाबतीत बापामुळे जे आपोआप मिळाले ते म्हणजे जप्ती, उपास आणि अबोला. मांडवीच्या पाण्यात उतरणे तिला कोणी वारशाने दिले नव्हते. बापाच्या निवडीची किंमत तिने लहानपणी न विचारता भरली. मोठी झाल्यावर तीच निवड तिने स्वतः केली. या दोहोंना एकाच ‘त्याग’ या शब्दात कोंबणे हा तिच्यावर अन्याय आहे. चार वर्षांचे मूल त्याग करत नसते. त्याच्याकडून घेतले जाते.

१८/
म्हणून नाना पाटील लहान होतात का? अजिबात नाही. ज्यांनी सरकारी नोकरी लाथाडली, गावोगाव रात्री चालत सभा घेतल्या, त्यांचे मोठेपण वादातीत आहे. पण मोठेपणाचा हिशेब पूर्ण मांडायचा तर त्यात ती एक खोली आणि ते न मिळालेले मीठही लिहावे लागेल. पुतळ्याच्या चौथऱ्यावर त्याला जागा नसते, इतिहासात असली पाहिजे.

१९/
स्वातंत्र्यानंतर नाना पाटील शेतकरी कामगार पक्षात आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७ च्या निवडणुकीत, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, ते साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. १९६२ मध्ये ती जागा काँग्रेसच्या किसन वीर यांच्याकडे गेली. तेही प्रतिसरकारातलेच जुने सहकारी. १९६७ मध्ये नाना पुन्हा खासदार झाले, पण बीडमधून. १९७६ मध्ये ते गेले. त्यांच्या मागे साताऱ्याची जागा लेकीची, असे कोणाच्या मनातही आले नाही.

२०/
ते का आले नाही, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. ती मुलगी होती म्हणून, हे एक सरळ उत्तर. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे: नानांच्या मागे चळवळ होती, पण संस्था नव्हती. साखर कारखाना नव्हता, बँक नव्हती, दूध संघ नव्हता, शिक्षणसंस्था नव्हती. चळवळ विझली की वारसाकडे द्यायला आठवणीखेरीज काही उरत नाही. कारखान्याचे तसे नाही. सभासद असतात, कामगार असतात, ऊस तोडीचे वेळापत्रक असते. गादी रिकामी ठेवून चालत नाही.

२१/
याच भूमिगत पिढीतले दुसरे नाव वसंतदादा पाटील. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडताना त्यांना गोळी लागली, दोन साथीदार मारले गेले. त्यांचे चिरंजीव प्रकाशबापू स्वातंत्र्याच्या सुमारास जन्मले. बापाच्या डोक्यावरचे वॉरंट त्यांनी पाहिले नाही. त्यांनी पाहिला तो सांगलीचा सहकारी कारखाना, आमदारकी, मंत्रिपद आणि १९७७ मध्ये मुख्यमंत्रिपद. हौसाबाई आणि प्रकाशबापू यांच्या वयात वीसेक वर्षांचे अंतर. तेवढ्यात ‘पुढाऱ्याचे मूल’ या शब्दाचा अर्थच उलटा झाला.

२२/
१९८० पासून २०१४ पर्यंत सांगलीची लोकसभेची जागा याच विस्तारित कुटुंबात राहिली: वसंतदादा, शालिनीताई, प्रकाशबापू, मदन पाटील, पुन्हा प्रकाशबापू, मग प्रतीक पाटील. २०२४ मध्ये विशाल पाटील अपक्ष उभे राहून जिंकले. ही मते लोकांनी दिली, कोणी लुटली नाहीत, हेही नोंदवले पाहिजे.

२३/
कऱ्हाडची रीत थोडी वेगळी. दाजीसाहेब चव्हाण १९७३ मध्ये खासदार असतानाच वारले. पोटनिवडणुकीत पत्नी प्रेमलाकाकी निवडून आल्या. मुलगा पृथ्वीराज पिलानी आणि अमेरिकेतील बर्कली येथे शिकून अभियंता झाला होता. राजकारणात तो आला १९९१ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी. २०१० मध्ये मुख्यमंत्री. आधी पतीची जागा पत्नीने सांभाळायची, मग ती मुलाकडे यायची, हा क्रम पश्चिम महाराष्ट्रात पुढेही दिसतो. प्रेमलाकाकींना केवळ ‘जागा सांभाळणाऱ्या’ म्हणणे मात्र चूक ठरेल. कठीण काळात त्यांनी स्वतःच्या बळावर पक्ष चालवला.

२४/
वाळव्यात राजारामबापू पाटील १७ जानेवारी १९८४ रोजी गेले. मुलगा जयंत तेव्हा एकविशीत, अमेरिकेत शिकत होता. तो परतला. १९९० मध्ये आमदार झाला, पुढे अर्थमंत्री. तासगावचे आर. आर. पाटील हे तर कोणाचे वारस नव्हते. अंजनीच्या साध्या घरातून जिल्हा परिषद, मग विधानसभा, मग उपमुख्यमंत्रिपद. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी आबा गेले. पोटनिवडणुकीत पत्नी सुमनताई, २०१९ मध्ये पुन्हा सुमनताई, आणि २०२४ मध्ये पंचविशीतला मुलगा रोहित. त्या विधानसभेतला सर्वांत तरुण आमदार. घराणे नसलेल्या माणसाचेही एका पिढीत घराणे झाले.

२५/
आपल्याकडे वारस ठरतो तो बहुधा अंत्ययात्रेच्या दिवशी. चिता विझलेली नसते आणि गर्दीतून ‘आता तुम्हीच’ असा आवाज येतो. एकवीस वर्षांच्या किंवा शाळकरी वयाच्या मुलाला त्या वेळी ‘नाही’ म्हणण्याची मुभा किती असते? कार्यकर्त्याला साहेब हवा असतो, कारखान्याला चेअरमन हवा असतो, पक्षाला हमखास जागा हवी असते. बापाचे दुःख करायला मुलाला तेरा दिवससुद्धा पुरते मिळत नाहीत. ‘घराणेशाही’ म्हणून नाक मुरडताना ही गर्दी हिशेबात धरली जात नाही, आणि त्या गर्दीत पुष्कळदा नाक मुरडणारेही असतात.

२६/
तरीही दोन्ही वारशांना एका तराजूत टाकता येणार नाही. बर्कलीहून परतलेल्याकडे परत जाण्याची वाट होती. अमेरिकेत शिकणाऱ्याला अभियंता होऊन जगता आले असते. त्यांनी हो म्हटले, हा त्यांचा निर्णय. म्हणून त्याबद्दल त्यांना प्रश्न विचारणे रास्त आहे, आणि मतदाराने ते विचारलेच पाहिजेत. एका खोलीत कोंडलेल्या हौसाला कोणतीही वाट नव्हती. एकाला बापाच्या नावामुळे दारे उघडली गेली, दुसरीला त्याच कारणाने मिठाचे दुकान बंद झाले. आज ‘स्वातंत्र्यसैनिकांचे घराणे’ असे बिरुद लावून जो कोणी उमेदवारी मागतो, त्याने या दोहोंपैकी नेमका कोणता वारसा आपण सांगतो आहोत, हे स्पष्ट करावे.

२७/
आणि ज्या घरात मूलच नव्हते? यशवंतराव चव्हाणांचे लग्न १९४२ च्या जूनमध्ये झाले. वर्ष पुरे व्हायच्या आत, यशवंतराव भूमिगत असताना, वेणूताईंना पोलिसांनी पकडून तुरुंगात ठेवले. पुढे त्यांची प्रकृती नाजूकच राहिली. त्यांना मूल झाले नाही. मुख्यमंत्री, संरक्षणमंत्री, उपपंतप्रधान झालेल्या या माणसाचा मतदारसंघ रक्ताच्या वारसाकडे गेला नाही, राजकीय वारसा सांगणारे मात्र सगळ्या पक्षांत निघाले. घराणे न काढल्याबद्दल यशवंतरावांची स्तुती केली जाते. त्या स्तुतीत वेणूताईंचा तुरुंगवास कोणाला आठवत नाही.

२८/
हौसाबाई लग्नानंतर हणमंतवडियेच्या झाल्या. त्यांची गोष्ट जिल्ह्याबाहेर पोचेपर्यंत त्यांनी नव्वदी गाठली होती, आणि तेव्हाही मथळा बहुतेक ठिकाणी ‘क्रांतिसिंहांची कन्या’ असाच. स्वतःच्या कामाबद्दल विचारले की थोडेफार केले, एवढेच त्या सांगत. २०१८ मध्ये शेतकरी दिल्लीला मोर्चा नेणार होते, तेव्हा ब्याण्णव वर्षांच्या हौसाबाई म्हणाल्या की आपणही येऊ. २३ सप्टेंबर २०२१ रोजी त्या गेल्या.

२९/
प्रतिसरकारच्या नेत्यांची चरित्रे आहेत, स्मारके आहेत, पोवाडे आहेत. त्यांच्या मुलांच्या साक्षी फारच थोड्या नोंदवल्या गेल्या. जप्तीच्या काळात पाच-दहा वर्षांची असलेली माणसे आता नव्वदीच्या आसपास आहेत. वाळवा, पलूस, कडेगाव, खानापूर, कऱ्हाड या तालुक्यांत ज्यांचे आजोळ असेल त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या आजीशेजारी बसावे. लढा कसा होता, असे विचारू नये. त्याचे उत्तर भाषणासारखे येते. पोलीस आले त्या दिवशी चुलीवर काय होते, शेजारी कोण बोलायचे थांबले आणि कोण थांबले नाही, मीठ कोठून आणले, एवढेच विचारावे, आणि मोबाइलचे रेकॉर्डिंग चालू ठेवावे.